कमलआत्याचा उलटा नमस्कार

कमलआत्याला वाकून नमस्कार करायची सोय नाही. आपण तिच्या पायाशी वाकलो की ती आपल्या पायाशी वाकते आणि टाचेमागची शीर दोन बोटांत धरून चाचपते. ही माझ्या नवऱ्याची, निलेशची आत्या. लग्नात तिने माझ्याही टाचेला हात घातला. एवढी वडीलधारी बाई माझ्या पाया पडतेय या कल्पनेने मी किंचाळले आणि भटजी मंत्र विसरले.

“घाबरू नको गो,” ती म्हणाली, “शीर बारीक आहे. पास!”

हिच्या माहेरी कोलेस्टेरॉल पिढीजात. लोकांना कोकणातून आंब्याची कलमं वारशाने मिळतात, यांना हे मिळालं. आत्याचे वडील, थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ, म्हणजे माझे सासरे, सगळे ऐन उमेदीत हार्ट अटॅकने गेले. गावाने दोष दिला कालवणातल्या खोबऱ्याच्या वाटणाला. म्हणून आत्याने वर्षानुवर्षं उकडलेला दुधी खाल्ला. काडीसारखी झाली. तरी तिचा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, हे आनुवंशिक आहे, गोळ्यांशिवाय उतरायचं नाही, आणि अशांची टाचेमागची शीरही कधीकधी जाड होते. आत्याला भीती वाटायच्या ऐवजी रागच आला.

“मग एवढा दुधी मी कोणासाठी गिळला?”

तेव्हापासून ‘ताटातून नाय, बापाकडून आलंय’ हे तिचं पालुपद. मालाडची हळद असो की दहिसरचं बारसं, ती भावकीच्या टाचा चाचपत फिरायची. शीर जाड लागली की माणूस रक्त तपासायला रवाना. लोक चिडायचे, पण जायचे. जात नव्हता तो फक्त निलेश, तिने स्वतः वाढवलेला.

“आत्या, मी रोज जिमला जातो यार.”

“तुझ्या जिमला काय माहीत तुझा बाप कसा गेला?”

यावर उपाय म्हणून तो घरातसुद्धा मोजे घालून बसायचा. रात्री झोपतानाही.

मग आत्यालाच जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाच्या झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक झाली होती.

“मेल्या कॅल्शियमला गुडघ्यात एवढी जागा होती,” आत्या म्हणाली, “आणि बसलं कुठे, तर दारात!”

डॉक्टर म्हणाले, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवू, पण उशीर करू नका. आत्याने पदर खोचला आणि निलेशकडे बोट दाखवलं.

“आधी याचं रक्त काढा. त्याशिवाय मी सही करणार नाय.”

“आत्या, हे ब्लॅकमेल आहे!”

“आहेच. वाट लागली तर माझी लागेल. तू जा घरी, मोजे घालून बस.”

निलेश बाहेर आला आणि माझ्या शेजारी बाकावर बसला. “बाबांसारखंच निघालं तर गं?” असं त्याने हळूच विचारलं. इतकी वर्षं मी त्याला हट्टी समजत होते. तो नुसता घाबरलेला होता. त्याचा हात धरून मी त्याला आत नेलं.

रिपोर्ट आला. आकडा आत्याच्या तोडीस तोड! निलेशचं तोंड उतरलं आणि आत्या खाटेवरून चोर पकडल्यासारखी ओरडली, “सापडला रे सापडला!” त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तिची झडप बसली. बरी झाल्यावर एक दिवस लिफ्ट चालू असताना ती मुद्दाम जिन्याने चढली. प्रत्येक मजल्यावर थांबून, दारात आलेल्या शेजाऱ्यांना ‘झकास!’ म्हणत.

निलेशचा आकडाही उतरला. गेल्या महिन्यात त्याने, वडील ज्या वयात गेले ते वय ओलांडलं. त्या सकाळी तो आरशासमोर केसांना रंग लावायला बसला, तेव्हा आत्याने त्याचा हात धरला.

“नको रे लावू.”

“म्हातारा दिसतो ना, आत्या.”

“तेच तर.” तिने हात सोडला नाही. “बाबा, दादा, तुझा बाप, सगळे काळ्या केसांनी गेले. आमच्या घरातल्या पुरुषाचा पिकलेला केस मी अजून बघितलाच नाय.”

मला रडू आवरेना. निलेशने ब्रश खाली ठेवला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि मान वाकवली.

“कानामागे अजून दोन आहेत. बघ.”

आत्याने चष्मा लावला आणि त्याचं डोकं खिडकीच्या उजेडाकडे वळवून सावकाश बघत बसली.