साहेबांचा हिस्सा

न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनमध्ये फेजोआ विकत कुणी घेत नाही. एप्रिल लागला की ज्याच्या अंगणात झाड, तो या हिरव्या फळांच्या पिशव्या भरतो, शेजाऱ्यांच्या दारात ठेवतो आणि पळ काढतो. मीही तेच करते. शेजारचे शशीकाका मात्र आपल्या फाटकाशी टेबल मांडून फेजोआ विकतात. पिशवीला दोन डॉलर.

"काका, मी फुकट वाटतेय. तुमच्याकडून कोण घेणार?"

"तू वाट. आमच्या साहेबांना फुकट चालत नाही."

साहेब म्हणजे ते स्वतःच, असं मी धरून चालले होते. काका एकटे राहतात, लोकांची लॉन कापतात. वर कुणी नाही, हाताखाली कुणी नाही. तरी नवं काम आलं की, "साहेबांना विचारून कळवतो." गुडघे कुरकुरले की, "साहेब रजा देत नाहीत."

जूनमध्ये ते पेन्शनच्या खात्यात पैसे भरायला माझ्याकडे येतात, कारण असे पैसे भरायच्या तारखांची मी यादी ठेवते, त्यात शेजाऱ्यांच्याही असतात. नोकरदाराच्या खात्यात मालकही हिस्सा घालतो. स्वतःचा धंदा असला की ते सुख नाही. जूनअखेरपर्यंत आपण भरायचं, त्यावर सरकार थोडी भर घालतं, संपलं. काका दोनदा भरतात. एकदा लॉनच्या कमाईतून आणि एकदा फेजोआच्या डब्यातून. "हा साहेबांचा हिस्सा!"

यंदा पैसे भरून झाल्यावर मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये पासष्ट पूर्ण. सरकारची भर बंद, साठलेले पैसे हातात. आता लॉनचं मशीन विका आणि ते टेबलही आवरा."

काका हसले नाहीत.

"झाड मंदाने लावलंय गं."

मंदाकाकू मी इथे राहायला येण्याआधीच गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

"गिऱ्हाइकांचे फोन तीच घ्यायची. कुठे जायचं, कधी जायचं, सगळं तीच ठरवायची. एकदा म्हटलं, साहेब, नोकराच्या पेन्शनचं काय? दुसऱ्या दिवशी हे रोप घेऊन आली. म्हणाली, मालकाचा हिस्सा हे देईल." त्यांनी फेजोआचा रिकामा डबा जवळ ओढला. "फळं धरायच्या आधीच गेली. अनघा, मी काम सोडलं, तर साहेब हिस्सा कुणाला देणार?"



दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच झाडाखाली पडलेले फेजोआ ओलांडून मी त्यांच्या फाटकाशी गेले आणि दोन डॉलर टेबलावर ठेवले. काकांनी मला पिशवी दिली, नाणं डब्यात टाकलं.

"सांगतो साहेबांना," ते म्हणाले.