कालिंदीचं माप

माप वाचून मी बाई ओळखते. कलकत्त्यात, बालीगंजच्या फ्लॅटमध्ये एकवीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. छाती, कंबर, उंची एवढं कळलं की ती जिना कशी चढत असेल तेही सांगायचे. याच हुशारीने त्र्याहत्तर साली माझी फजिती केली.

आमचे हे कॉलेजात गणित शिकवायचे. सदरा धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी सापडली. बायकी, सुवाच्य अक्षर. '३६०, २८९, ३७५, ४२४. तपासून ठेव. शनिवारी येते. कालिंदी.'

दशांशचिन्हं घाईत राहिली असणार. ती मी घातली. छाती छत्तीस, कंबर जेमतेम एकोणतीस, सीट साडेसदतीस. आणि बेचाळीस म्हणजे परकराची उंची. मजल परकरापर्यंत गेली होती! अकरा वर्षांत ह्यांनी माझं माप कधी विचारलं नव्हतं.

चिठ्ठी मी मशीनच्या खणात कुलपात टाकली. त्या दिवसापासून ह्यांचं जेवण सुटलं. भात कालवून बसायचे आणि खिसे चाचपायचे.

"अहो, काय हरवलंय?"

"कुठं काय!"

"शनिवारी कुणी यायचंय का?"

"बराकपूरहून... तुला कुणी सांगितलं?"

बस्स. गडियाहाटच्या बाजारातून कापड आणलं आणि त्याच मापाचा ब्लाउज आणि परकर शिवायला घेतला. ह्यांच्यासमोर तिच्या हातात ठेवायचं ठरवलं. बेतताना इंचाइंचाला जीव जळत होता. अशी कंबर मला लग्नातसुद्धा नव्हती.

शनिवारी बेल वाजली. मी पुडकं घेऊनच दार उघडलं. दारात सत्तरीच्या, काठी टेकलेल्या, माझ्या खांद्याएवढ्या बाई.

"शकुन ना गं तू? मी कालिंदी सबनीस. भालचंद्राला शाळेत गणित मीच शिकवलं. हे माझ्यासाठी?"

मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी परकर उलगडला. काखेशी धरला तरी खाली लोळत होता.

"हे माप कुणाचं गं?"

"तुमचंच. चिठ्ठीतलं."

हे खुर्चीतून उडालेच. "चिठ्ठी तुझ्याकडे आहे?"

बाई हसून हसून खाली बसल्या. "अगं, तीनशे साठ ही चौरसाची बाजू, बाकीचे तीन आकडे मधल्या त्रिकोणाच्या बाजू. त्या चौरसाचे चार त्रिकोण पाडायचे, सगळ्या बाजू पूर्णांकात. दोन वर्षं खपून एक उत्तर मिळालं, ते ह्याला दिलं."

"आणि मी ते हरवलं," हे म्हणाले. "एक त्रिकोण पक्का धरला की बाकीचे शोधणं म्हणजे इलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्ररेषेवर बिंदू शोधणं. हा पहिला बिंदू हातात असला की स्पर्शरेषा काढून पुढचा चौरस मिळतो. आठ दिवस घास उतरत नव्हता. बाईंना सांगणार काय?"

मी कशाने जळत होते, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मी खणाचं कुलूप काढून चिठ्ठी दिली, ती घेऊन दोघं टेबलाशी बसले. चहा मी दोनदा गरम केला.

पुढे लेख छापून आला. शेवटी आभार होते: कालिंदीबाईंचे, ग्रंथपालांचे, टायपिस्ट कुमारी लीना यांचे. आठ दिवस चिठ्ठी कुलपात जपली, तिचं कुणाला काही नाही.

कुमारी लीना कशी दिसते, ते मी कॉलेजात जाऊन पाहून आले. दोनदा.