दयेची फळी

सबनीसकाका कुठेही गेले की आधी पूर्व विचारतात. टोकियोजवळ ग्योतोकु स्टेशनपाशी असलेल्या आमच्या हॉटेलात पहिल्यांदा आले तेव्हा मी नमस्कार केला, तर दारातूनच म्हणाले, "पूर्व कुठे?" मी मुळातला घाबरट. काहीतरी दाखवायचं म्हणून तंदूरच्या भट्टीकडे बोट केलं. काकांनी खिशातून होकायंत्र काढलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वा! वेदी बरोबर पूर्वेला!"

काका मुंबईच्या एका बँकेचे टोकियोतले साहेब. त्याआधी ते लंडनला होते आणि तिथे दर रविवारी बस पकडून खेड्यापाड्यांतली सात-आठशे वर्षांची दगडी चर्चं बघत हिंडले. इथे घरी सत्यनारायण चुकवणार नाहीत, पण जीव त्या चर्चांत. त्यांच्या लेखी आमचं हॉटेल हे चर्चच. गिऱ्हाइकं बसतात तो नेव्ह, म्हणजे भाविकांचा सभामंडप. स्वयंपाकघर म्हणजे चॅन्सेल, तिथे फक्त पाद्र्यांनी जायचं. हात धुवायचं बेसिन म्हणजे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. "ते दाराजवळच हवं. माणूस धर्मात शिरतो तो तिथून." आणि वेदी म्हणजे माझी भट्टी.

"मग मी कोण?" मी एकदा विचारलं.

"तू पाद्री. नान जळतोय, बघ."

नववीत शाळा सोडलेल्या मला याआधी कोणी इतक्या वर बसवलं नव्हतं.

एका सुट्टीला ते मला टोकियोत लग्नं लावायचं 'इंग्लिश चर्च' दाखवायला घेऊन गेले. मनोरा, रंगीत काचा, सगळं होतं. काकांनी खांबावर टकटक केलं. "पोकळ! आणि पूर्वेला पार्किंग!" तिथली मुलगी लवून लवून विचारत होती, लग्नाची तारीख ठरली आहे का. काका मोडक्या जपानीत म्हणाले, "आधी इमारत फिरवा, मग बोलू."

हसायचो मी, पण त्या वर्षी माझे पाय गेले होते. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. भट्टी काचेमागे, आणि शेटचं म्हणणं, "लोक कारागिराला काचेतून बघायला येतात. बसायचं असेल तर गावी जाऊन बस." माझा व्हिसा या कामाचा. उभं राहणं जमलं नाही की थेट विमानच. म्हणून कुणाला बोललो नव्हतो. पण काकांनी काचेतून ओळखलं.

"सारखा पाय बदलतोस. बगळा आहेस का?"

मी सांगून टाकलं. काका नेहमीसारखे इंग्लंडला पोचले.

"तिथल्या पाद्र्यांना तासन् तास उभं राहून प्रार्थना म्हणायला लागायच्या. म्हातारे लटपटायचे. मग सुतारांनी काय केलं? घडीच्या आसनाला खालून एक छोटीशी फळी काढली. आसन उचललं की तिच्यावर बूड टेकायचं. समोरून बघणाऱ्याला वाटतं, उभाच आहे! तिला नावच दिलं होतं, दया."

मग काका रविवारी बाल्कनीत शंभर येनच्या दुकानातली पटाशी घेऊन ठोकत बसायला लागले. खालच्या मजल्यावरच्या बाई आवाजाची तक्रार घेऊन आल्या. काकांनी त्यांना चहा पाजून कमानींवर भाषण दिलं. बाई परत आल्या नाहीत.

एका दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर काकांनी ती फळी भट्टीमागच्या भिंतीला बसवली. मी टेकलो. पायांतून काहीतरी उतरून गेलं. डोळे पुसतोय तोच शेट आले.

"सुन्या, बसलास?"

"छे! उभा आहे तो," काका म्हणाले. "बाहेरून बघा."

शेट बाहेर गेले, काचेतून बघितलं, आत आले, पुन्हा बाहेर गेले. शेवटी ते वाकून फळीच्या खाली बघायला लागले. काकांनी तिथे पाद्र्याच्या वेषातला कोल्हा कोरला होता. जुने सुतार म्हणे कुणाला न दिसणाऱ्या जागी अशी थट्टा करून ठेवायचे.

"हा मी का?" शेटनी विचारलं.

"कोल्हा आहे तो."

"मिशा माझ्या आहेत."

शेट कंबर धरून उठले. "राहू दे. नाक जरा मोठं झालंय."

तेवढ्यात वरचे दिवे झुलायला लागले. मोठ्या भूकंपाला वर्ष होऊन गेलं तरी धक्के येतच होते. शेट गॅस बंद करायला धावले. थोड्या वेळात सगळं थांबलं. काका मात्र टेबलाची कड घट्ट धरून उभे.

"हललं ना, सुन्या?"

"हललं, काका."

"नक्की?"

"नक्की. दिवा बघा ना, अजून झुलतोय."

त्यांनी श्वास सोडला. काकू आणि मुलगी भूकंपानंतर ठाण्याला गेल्या त्या तिकडेच राहिल्या, हे मला माहीत होतं.

"घरी रोज हलल्यासारखं वाटतं रे," काका हळू म्हणाले. "खरं हललं की माझंच डोकं फिरलं, कळत नाही. विचारायला कोणी नसतं." मग फळीचा स्क्रू आणखी एक पीळ आवळत म्हणाले, "तू टिकायला पाहिजेस इथे."

मी टिकलो. आता अधूनमधून त्यांचा फोन येतो. "हललं का रे?"

मी फळीला टेकलेला असतो. दिवे जागच्या जागी असतात, ग्लासातलं पाणी शांत असतं.

"हो, काका," मी सांगतो. "जरासं हललं."