चौथ्या खुर्चीतले निमकर सर

निमकर सरांच्या क्लॅरिनेटच्या वर्गात सरांनी शिकवायला सक्त मनाई आहे. मनाई कुणी केली? खुद्द सरांनीच. वर्ग सुरू झाला की ते कोपऱ्यात बसतात आणि भाजक्या शेंगदाण्यांचा बकाणा भरतात, म्हणजे मधे बोलायची सोयच नको. पोरं एकमेकांना शिकवतात. सर नुसते डोळे वटारतात, नाहीतर मान डोलावतात.

मी शेजारच्या खोलीत गाणं शिकवते. नवऱ्याची चंदीगडला बदली झाली आणि मला विद्यापीठात ही नोकरी मिळाली. संगीत विभागात शिकवणारे मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायला मोकळे. भिंतीपलीकडे सरांची चौघं पोरं एकदम फुंकायला लागली की माझ्या यमनाचं पार वाटोळं व्हायचं. एकदा मी तणतणत गेलेच.

"अहो सर, कानठळ्या बसतात! एकेकाला शिकवा की."

सरांनी घास गिळला. "पाटीलबाई, एकट्याला शिकवलं की पोरगं माझ्या तोंडाकडे बघतं. चौघांत बसवलं की शेजाऱ्याचं ऐकतं." कुणी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पडोसी से पूछो जी!" माणूस पुण्याचा, पण ते 'जी' पक्कं इथलं.

आणि खोटं कशाला बोलू, गुण यायचा. गुरलीन नावाची मुलगी एकटीनं वाजवायचं म्हटलं की थरथर कापायची. शेजारी सायली असली की तीच गुरलीन झकास वाजवायची. सायली चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या एका मेजरसाहेबांची बायको, दोन लेकरं सांभाळून शिकायला यायची. "अरे यार, भाग मत!" असं, लय पळवली की, गुरलीनला दरडावायची, आणि गुरलीन ऐकायची.

परीक्षेला चौघांनी मिळून एकच रचना वाजवायची, हे सरांनी विभागप्रमुख मॅडमच्या गळी कसंबसं उतरवलं. आणि सत्राच्या मध्येच मेजरसाहेबांची बदली आली. सामान बांधलं, सायली गेली. मॅडम म्हणाल्या, "अब सब अकेले-अकेले बजाएँगे।"

गुरलीन रडत सरांकडे आली. "सर, मैं कोर्स ही छोड़ दूँगी।"

सर तडक मॅडमच्या दारात. "चौथी कुर्सी पर मैं बैठूँगा।"

"निमकरजी, टीचर कैसे एग्ज़ाम देगा?"

"नंबर तीनों को दीजिए, मुझे फेल कर दीजिए।"

मॅडम नाही म्हणाल्या. सर दुसऱ्या दिवशी हजर, तिसऱ्या दिवशी हजर. मॅडम मीटिंगला निघाल्या की हे जिन्यापर्यंत मागे. हट्टाला पेटलेला माणूस तो! शेवटी मॅडमनीच हात टेकले.

पण सरांनी स्वतः वाजवणं कित्येक वर्षांपूर्वी सोडलेलं. पहिल्या तालमीला मी मुद्दाम गेले. सरांनी फुंकलं आणि असा काही आवाज निघाला की मी तोंडाला पदर लावला. पोरं नोटेशनच्या कागदांत डोकी खुपसून बसली. सरांना कोण सांगणार?

"बोलो जी! पडोसी हूँ मैं।"

गुरलीन पुटपुटली, "सर, आप... जल्दी आ गए।"

"फिर से."

पुन्हा तेच. "सर, फिर जल्दी!" पुढच्या खेपेला आवाज चढला. आठवडाभरात ती त्यांना चक्क झापायला लागली, "सर, सुनते क्यों नहीं?" आणि सरांचा चेहरा बघावा तर खुशीत! पोरीचं सगळं ध्यान सरांच्या चुकांवर, स्वतःची भीती कुठल्या कुठे गेली.

परीक्षा झाली. मधे एका ठिकाणी सर लटपटले, तेव्हा गुरलीननंच सूर जोरात धरून सगळ्यांना पुढे नेलं. परीक्षक खूश. मीही कौतुकानं म्हटलं, "काय सर, पोरीची बोलणी खायला बरं वाटत होतं की!"

सर क्लॅरिनेट पुसत होते. "पाटीलबाई, आमची ही, सुमन, होती तेव्हा दिवसभर माझ्या चुका काढायची. वाजवण्यातल्या, आमटीतल्या, शर्टाच्या बटणांच्या. ती गेल्यापासून मी चुकतो, आणि कुणी काही म्हणतच नाही हो."

  आणि सरांनी मुलांकडे वळून विचारलं, "कल रिहर्सल कितने बजे?"

"सर, एग्ज़ाम तो हो गया..." एक मुलगा म्हणाला. गुरलीननं त्याला नजरेनंच गप्प केलं.

"चार बजे, सर," ती म्हणाली. "वो बीच वाला हिस्सा आपका अभी भी कच्चा है।"