'कळपाला रामराम'मध्ये कुणी ढवळाढवळ केली?

एका जंगलात एक वाचनालय होतं. हसू नका, बाळांनो. तुमच्या गावात आहे का? नाही ना? मग गुपचूप ऐका.

हे वाचनालय वडाच्या ढोलीत होतं आणि द्वारकाबाई साळिंदर ते सांभाळत. त्यांना ना मूल ना बाळ. ढोली हेच त्यांचं घर. पुस्तकं बरीच होती, पण सगळ्यांचा जीव एकाच कादंबरीवर, 'कळपाला रामराम'वर. भिरू नावाचं कोवळं हरिण बापाशी भांडतं, कळप सोडतं, डोंगरापलीकडे जातं आणि मोठं होतं, एवढीच गोष्ट. पण ऐन वयात ती वाचायचीच, अशी जंगलाची रीत होती. वाचून झाली की पोरं घर सोडून निघत. आया डबा बांधून देत. पोरं ओढ्यापर्यंत जात, डबा फस्त करत आणि संध्याकाळच्या जेवणाला घरी परतत.

एकदा बापूसाहेब गव्याचा सर्जेराव परत आलाच नाही.

बापूसाहेब वाचनालयाचे अध्यक्ष होते. त्यांनी पुस्तक घरी नेलं. पोराला त्यात काय सापडलं ते बघावं म्हणून रात्रभर वाचलं आणि सकाळी फुरफुरत ढोलीशी आले.

"द्वारकाबाई, हे पुस्तक कुणीतरी बदललंय!"

"अहो, बदलेल कसं? इथेच तर असतं."

"मी वाचलं तेव्हा भिरू शूर होता. मी ढसाढसा रडलो होतो. आता बघतो तर नुसता उडाणटप्पू! कामाला हात लावत नाही, वर बापाला उलट बोलतो. आणि बाप काय देवमाणूस आहे हो! हा बाप तेव्हा नव्हता. तेव्हाचा नुसता शिंगं रोखून उभा असायचा."

बातमी पसरली तशी ज्यानं त्यानं आपली तक्रार आणली. अस्वलीणबाई म्हणाल्या, "निम्मं पुस्तक प्रेमप्रकरण होतं. आता जेमतेम पान-दीड पान उरलंय. बाकीचं कुणी काढलं?" म्हातारे वानरराव म्हणाले, "मला तर त्यात भिरूच दिसला नाही. सगळीकडे गवत. काय गवत होतं हो त्या काळी!"

प्रकरण सिंहमहाराजांपुढे गेलं. महाराज स्वतः वाचत नसत, त्यांना न्याय द्यायचा असे. पुस्तकात फेरफार सिद्ध झाला तर द्वारकाबाईंनी ढोली सोडायची, असं ठरलं. द्वारकाबाई थरथरू लागल्या. आणि बाळांनो, साळिंदर थरथरलं की फार आवाज होतो. महाराजांनी दोनदा शांतता राखायला सांगितलं.

तज्ज्ञ म्हणून वाळवीला बोलावलं.

"आमच्या घराण्यात हेच पुस्तक खातात," वाळवी म्हणाली. "चवीत तसूभर फरक नाही."

"शेवट कसा आहे?" महाराजांनी विचारलं.

"आम्ही समीक्षक आहोत, महाराज. प्रस्तावनेच्या पुढे जात नाही."

तेवढ्यात सर्जेराव आला. डबा खाऊन ओढ्याकाठी त्याला गाढ झोप लागली होती. सगळ्यांना आनंद झाला. पण एकदा उभा राहिलेला खटला मुलगा सापडला म्हणून थांबतो थोडाच?

"द्वारकाबाई, तुम्हीच मोठ्याने वाचा," महाराज म्हणाले. "काय बदललंय ते ऐकूनच कळेल."

द्वारकाबाईंना धीर आला. त्यांनी हे पुस्तक लहानपणी एकदा वाचलं होतं. नंतर नुसतं झटकून ठेवलं. वाचनालय सांभाळणाऱ्याला वाचायला वेळ कुठून मिळणार? त्या खणखणीत आवाजात वाचू लागल्या. भिरू बापाशी भांडला. भिरू निघाला. आणि मग त्या थांबल्या.

"काय झालं?"

द्वारकाबाईंना गप्प बसता आलं असतं. दोन ओळी गाळून पुढे गेल्या असत्या तर ढोली वाचली असती. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि भरल्या डोळ्यांनी त्यांना लबाडी जमेना.

"इथे कळपाच्या कडेला भिरूची म्हातारी आत्या उभी आहे, महाराज. 'खाऊन तरी जा रे' म्हणतेय. तो वळूनही बघत नाही. मी वाचलं तेव्हा इथे कुणीही उभं नव्हतं. शपथेवर सांगते. ही बाई नंतर आली."

"घ्या! स्वतःच कबूल झाल्या!" बापूसाहेब ओरडले.

महाराजांनी निकाल दिला. पुस्तक वाचणाऱ्याचं वय बघून बदलतं, हे सिद्ध झालं आहे. अशा पुस्तकावर विश्वास ठेवता येत नाही. पण ते थोर असल्यामुळे फेकताही येत नाही. म्हणून ते काचेच्या पेटीत ठेवावं, दरवर्षी हार घालावा आणि कुणीही वाचू नये. द्वारकाबाई खरं बोलल्या, सबब त्यांना ढोलीत राहू द्यावं. पेटी कुणी उघडत नाही ना, एवढं त्यांनी बघावं.

तेव्हापासून त्या कादंबरीबद्दल जंगलात एकमत आहे. इतकी महान कादंबरी पुन्हा होणे नाही, असं बापूसाहेब दरवर्षी भाषणात सांगतात. पोरं पेटीला नमस्कार करतात, डबा घेतात आणि ओढ्यावर जातात.

द्वारकाबाई पेटीशेजारी बसून असतात. त्या आत्याचं पुढे काय झालं, ते त्यांना अजून कळलेलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात. आत्या कुणाला आठवतच नाही.

तात्पर्य : आवडलेलं पुस्तक दुसऱ्यांदा उघडू नये. आत आपणच निघतो, आणि ठपका वाचनालयावर येतो.