निःपक्षपाती झडती

कोणतीही संस्था विश्वासावर उभी असते, आणि तो विश्वास रोज संध्याकाळी फाटकावर तपासून घ्यावा लागतो. आमचा कारखाना खोपोलीच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी होता. (नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांचं काही अडलेलं नाही.) तिथे तांब्याची तार ओढली जायची. तांबं हा धातू स्वभावाने मोठा भिडस्त. कुणी खिशात घातलं, कमरेला गुंडाळलं, डब्यात ठेवलं तरी हूं की चूं करत नाही. म्हणून पाळी सुटली की फाटकावरचा पहारेकरी गजा सहाशे कामगारांतून बारा जणांना बाजूला काढायचा आणि त्यांची झडती घ्यायचा.

बारा जण निवडण्याची गजाची पद्धत सोपी होती. ज्याचं तोंड त्याला आवडत नसे, त्याला तो हात करी. डोंगराकडच्या वाडीवरून चालत येणारी तोंडं त्याला विशेष आवडत नसत. त्यांतले शुक्रा आणि धोंडी हे दोघे तर त्याने हात करायच्या आधीच बाजूला जाऊन उभे राहत. युनियनने यावर पक्षपाताची तक्रार केली. तक्रार रास्त होती, म्हणून दोन वर्षं तिच्यावर काही झालं नाही. मग चौऱ्याऐंशी साली हेड ऑफिसने आम्हाला एक कॉम्प्युटर पाठवला. तो कशासाठी पाठवला हे सोबतच्या पत्रात नव्हतं. कार्मिक विभागातले टिपणीस मुंबईला जाऊन त्याचा दीड महिन्याचा कोर्स करून आले होते. एकीकडे काम नसलेलं यंत्र आणि दुसरीकडे उत्तर नसलेली तक्रार. व्यवस्थापनाने दोन्हींची गाठ घालून दिली.

नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं, 'यापुढे झडतीसाठी कामगारांची निवड संगणकाद्वारे यादृच्छिक पद्धतीने करण्यात येईल.' यादृच्छिक म्हणजे काय, असं लोकांनी विचारलं. टाइम ऑफिसचा कारकून या नात्याने मी समजावून सांगितलं, की यंत्राला कुणाशी घेणंदेणं नाही. ते सहाशे कामगारांच्या टोकन नंबरांतून डोळे मिटून बारा उचलणार. लोकांना ते पटलं. युनियनने पेढे वाटले. (साहेब लोकांना आणि आम्हा कारकुनांना टोकन नसे, त्यामुळे आम्ही यंत्राच्या कक्षेबाहेर होतो. दर शनिवारी ताडपत्री बांधून भंगाराचा एक ट्रक फाटकातून जाई, त्यालाही टोकन नव्हतं.)

पहिल्याच दिवशी यंत्राने दिलेल्या चिठ्ठीवर पहिला आकडा २१७ होता, आणि पाचवाही २१७. हे टोकन चांगोचं. चांगो डोळवलीकडचा, रजेच्या दिवशी भाताच्या खाचरात आणि एरवी तार ओढण्याच्या मशीनवर, नाकासमोर चालणारा माणूस. गजाने त्याची झडती घेतली, त्याला फाटकाबाहेर सोडलं, बाहेरून परत बोलावलं आणि पुन्हा झडती घेतली. चांगोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कागदावर दोनदा हाय रं. मी कशाला येक खाऊ?"

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती निघाली. एका इसमाची एका दिवशी दोनदा झडती घेणं म्हणजे मनुष्यबळाचा अपव्यय होय, सबब आलेला आकडा पुन्हा आल्यास यंत्राने तो टाकून दुसरा घ्यावा. टिपणिसांनी यंत्राला तसं सांगितलं. यंत्राने ऐकलं. चिठ्ठीवर बारा वेगवेगळे आकडे आले, पहिला २१७.

तिसऱ्या दिवशी पहिला २१७. चौथ्या दिवशीही. पुढचे अकराही तेच, त्याच क्रमाने.

याचं कारण मला फार पुढे कळलं. हे यंत्र डोळे मिटून आकडे उचलायचं हे खरं, पण सकाळी बटण दाबून चालू केलं की त्याचा हात रोज त्याच जागेपासून सुरू व्हायचा. रोज निराळ्या जागी सुरू हो, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. कसं सांगायचं ते यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात दिलं होतं. पुस्तक किमती असल्यामुळे मॅनेजरसाहेबांच्या कपाटात कुलपात होतं.

फाटकासमोर नागूचं चहाचं दुकान होतं आणि दुकानामागे त्याचा दुसरा धंदा, आकड्यांचा. आज पहिलं टोकन कुठलं निघणार यावर त्याने पहिल्या आठवड्यात लोकांकडून पैसे घेतले. दुसऱ्या आठवड्यात त्याने तो खेळ बंद केला, पाटीवर खडूने तसं लिहिलंसुद्धा. म्हणाला, "ह्याच्यावर आकडा घ्याचा म्हंजे मी देशोधडीला लागंन." आमच्या परिसरात त्या यंत्राची शास्त्रीय तपासणी केलेली ही एकमेव संस्था. कार्मिक विभागाने तिच्या निष्कर्षाची दखल घेतली नाही, कारण संस्था नोंदणीकृत नव्हती.

आता, माणसाची एकदा झडती झाली तर तो योगायोग. आठवडाभर झाली तर लोक हसतात. महिनोन्‌महिने झाली की लोक हसायचे थांबतात आणि विचार करू लागतात. चांगोच्या मुलीची, शकूची सोयरीक शेलूला ठरत आली होती. मुलाचा मामा विठू आमच्याच पॅकिंग खात्यात होता. घरी जाताना तो रोज पाहायचा, की चांगो हात वर करून उभा आहे आणि गजा त्याचा डबा उघडून त्यात बोट फिरवतो आहे. शेलूहून निरोप आला. विठूने तो स्वतःच आणला, कारण तो सभ्य माणूस होता.

"आमचं काय म्हननं नाय," तो म्हणाला, "पन रोजच्या रोज झडती म्हंजे काय तरी आसंलच ना."

चांगो दुसऱ्या दिवशी टिपणिसांसमोर जाऊन उभा राहिला. तेव्हा मी तिथेच फायली लावत होतो. आपला नंबर त्या यंत्रातून काढा, असं त्याने सांगितलं. कारण विचारलं तर मुलीचं लग्न मोडतंय म्हणाला. टिपणीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, आणि एकदा नंबर काढला की निवड यादृच्छिक राहत नाही, हे शांतपणे समजावलं.

"यंत्राच्या मनात तुझ्याविषयी काही नाही, चांगो. ते तुला ओळखतसुद्धा नाही."

"वळखत नाय, तर रोज माझंच नाव कसं घेतं, साहेब?"

टिपणिसांनी यावर कागदावर हिशेब मांडला. तोच नंबर रोज पहिला येणं ही शास्त्राच्या दृष्टीने अशक्य गोष्ट नाही, हे त्यांनी दहा मिनिटांत सिद्ध केलं. अशी गोष्ट घडायला पृथ्वीच्या आयुष्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. चांगोने कागद पाहिला, नमस्कार केला आणि तो मशीनवर परत गेला. मला त्या वेळी वाईट वाटलं. पण फायली लावायच्या राहिल्या होत्या.

वर्षअखेरीस झडतीचा अहवाल तयार झाला. अत्यंत समाधानकारक अहवाल. वर्षभरात घेतलेल्या सर्व झडत्यांत आक्षेपार्ह वस्तू शून्य. साहेबांच्या त्या कुलपातल्या कपाटात साठ्याचा अहवाल होता, त्यात तांब्याची तूट दुप्पट. मॅनेजरसाहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि त्यांतून निघणारा एकमेव निष्कर्ष काढला. झडती कमी पडते आहे. यापुढे बारा नव्हे, सहाशेपैकी पाचशे नव्वद जणांची झडती व्हावी. (सगळ्यांचीच का नको, असं मी धीर करून विचारलं. साहेब म्हणाले, सगळ्यांची घेणं म्हणजे कामगारांवर अविश्वास दाखवणं. शिवाय युनियनशी करार यादृच्छिक निवडीचा होता, आणि सगळ्यांची झडती घेण्यात यादृच्छिक काय राहिलं?)

यंत्राला पाचशे नव्वद वेगवेगळे आकडे काढायला सांगितलं. सुरुवातीला ते भराभर काढत गेलं. पण जसजशी चिठ्ठी भरत गेली, तसतसा उचलावा तो आकडा आधीच चिठ्ठीवर असे. यंत्र तो टाकी, दुसरा घेई, चिठ्ठी पहिल्यापासून तपासे, तोही टाकी. शेवटचे काही आकडे तर सापडता सापडेनात. पाळी सुटली, भोंगा वाजला, सहाशे माणसं फाटकाशी उभी राहिली, आणि आत टिपणीस हिरव्या अक्षरांकडे पाहत बसले होते. कर्जतकडची गाडी निघून गेली. त्या संध्याकाळी कितीतरी लोक रुळांच्या कडेने चालत घरी गेले.

असे चार-पाच दिवस गेल्यावर टिपणिसांना ती सुप्रसिद्ध युक्ती सुचली. झडती घ्यायचे पाचशे नव्वद निवडायचे कशाला? सोडायचे दहा निवडा, बाकीच्यांची घ्या. काम तेच, मेहनत नावाला. यंत्राने दहा आकडे डोळ्याची पापणी लवायच्या आत काढून दिले. हेड ऑफिसने टिपणिसांना प्रशस्तिपत्र पाठवलं, आणि ते त्यांना मिळायलाच हवं होतं. इतकी सुंदर कल्पना आमच्या कारखान्यात आधी आणि नंतर कुणाला सुचली नाही.

दहा आकड्यांतला पहिला २१७ होता.

म्हणजे ज्या बारा जणांची वर्षभर झडती झाली, त्यांतल्या पहिल्या दहांना आता ती माफ झाली. जुन्या बारांतले शेवटचे दोन नंबर शुक्रा आणि धोंडीचे होते. गजाच्या राज्यात ते झडतीत होते, यंत्राच्या राज्यात होते, सुधारित यंत्राच्या राज्यातही राहिले. त्यांनी कसलीच तक्रार केली नाही, त्यामुळे अहवालात त्यांचा उल्लेख नाही.

चांगो मात्र रोज भोंगा वाजला की रांगेच्या बाजूने सरळ फाटकाबाहेर पडू लागला. जाताना त्याचा जेवणाचा डबा त्याच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेला असे. (डब्यात काय होतं ते शेवटी सांगतो.) रांगेतली पाचशे नव्वद माणसं त्या डब्याकडे पाहत. वर्षभर त्यांतल्या एकालाही यंत्रात खोट दिसली नव्हती. आता पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना दिसली. यंत्र साहेबांनी फितवलंय, चांगो साहेबांचा खबऱ्या आहे, अशी चर्चा नागूच्या दुकानात उघड होऊ लागली. युनियनने काळ्या फिती लावल्या आणि वर्षापूर्वीच्या पेढ्यांची आठवण काढणाऱ्याला सभेत बोलू दिलं नाही.

शेलूच्या मंडळींनी या घडामोडींचा निराळा अर्थ लावला. एका रविवारी विठू नारळ घेऊन चांगोच्या दारात आला. मागचं सारं विसरून जाऊ म्हणाला. ज्या माणसाला फाटकावर कुणी हात लावत नाही त्याचं साहेबांपाशी वजन असणारच, तेव्हा भाच्याला कुठे चिकटवता आलं तर बघावं, असंही त्याने आडून सुचवलं. चांगोची बायको सोनुबाई चहा ठेवायला उठली. तिला मनातून होकार द्यायचा होता. ठरत आलेलं मोडल्यापासून तिला रात्रीची झोप नव्हती.

शकू दारात उभी होती. ती म्हणाली, "मामा, येक इचारू? उद्या मशिनीनं बाबांचा नंबर परत धरला, तर मला परत धाडाल का?"

विठूने नारळाकडे पाहिलं. मशीन आता तसं करणार नाही, असं काहीसं तो पुटपुटला. शकूने नारळ उचलून त्याच्या पिशवीत ठेवला आणि आईला सांगितलं, चहा तेवढा दे. विठू चहा पिऊन गेला. ही हकिकत मला चांगोने सांगितली, आणि सांगताना तो वर्षभरात पहिल्यांदा हसला.

काळ्या फितींवर चौकशी समिती बसली. यंत्र निःपक्षपाती आहे, मात्र त्याचे निष्कर्ष कामगारांना मान्य होण्यासारखे नाहीत, असा तिचा एकमताचा अहवाल आला. यंत्रावर मेणकापड घालण्यात आलं. दसऱ्याला त्याला हार घालतात. झडतीचं काम पुन्हा गजाकडे आलं, आणि न्याय पूर्ववत झाल्याबद्दल युनियनने त्याचा सत्कार केला. पहिल्याच संध्याकाळी गजाने शुक्राला बाजूला घेतलं, धोंडीला घेतलं, आणि मग सवयीने चांगोला हात केला.

राहता राहिला डबा. शेवटी सांगतो म्हणालो होतो, आणि आपण त्यासाठीच इथवर आलात हे मला माहीत आहे. डब्यात काही नव्हतं. वर्षभर रोज उघडून, आपटून गजाने त्याची कडी तोडली होती, झाकण धरून ठेवायला दोन हात लागत. बघा, मी आपल्याला सांगितलं होतं की हा नाकासमोर चालणारा माणूस आहे, त्याची वर्षभर झडती घेऊन काही सापडलेलं नाही. तरी आपण डब्यात डोकावलातच. शनिवारच्या त्या ताडपत्रीखाली काय होतं, ते मात्र आपल्यापैकी कुणीही मला विचारलेलं नाही.