ठिपका किनाऱ्याला का गेला?

या शहरात खासगी गुप्तहेर एकच आणि तो म्हणजे आपण, असं दुर्बीणरावांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. त्याला आजवर कोणी आव्हान दिलं नव्हतं, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला नकोच होती. त्यांच्या कार्डावर 'अन्वेषक, निरीक्षक, तर्कपंडित' अशी तीन बिरुदं छापलेली होती. चौथं छापखानेवाल्यानं जागा नाही म्हणून गाळलं. ते 'विनयशील' असं होतं, हे दुर्बीणराव प्रत्येक कार्ड देताना तोंडी सांगत.

नोकरीत असताना ते घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचत. वर्षानुवर्षं लोकांच्या जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारली की हेरगिरी माणसाच्या अंगात आपोआप मुरते, हा त्यांचा सिद्धांत. निवृत्तीनंतर त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. पहिल्यात हरवलेलं मांजर स्वतःच घरी आलं. दुसऱ्यात त्यांनी शिताफीनं पकडलेला चोर त्या घराचा मालक निघाला. तिसरं अजून चालू होतं, कारण त्यातला एकमेव पुरावा, म्हणजे अशिलाची छत्री, दुर्बीणराव स्वतःच कुठेतरी विसरले होते. चौथं प्रकरण तेलाचं.

झालं असं, की खोल समुद्रात तेल शोधणाऱ्या एका कंपनीचे शेअर या चौकडीनं घेतले होते. चौकडी म्हणजे स्वतः दुर्बीणराव, त्यांचा बिनपगारी सहायक शिंपी, त्याच्या शेजारचा चष्मेवाला आणि निवृत्त भूगोलमास्तर. बैठक शिंप्याच्या दुकानात. कंपनीचं एक जहाज समुद्राच्या तळाला विहीर खणत होतं. तेल लागलं तर शेअर आभाळाला आणि नाही लागलं तर तळाला, इतकं ते सोपं होतं. पण लागतंय की नाही, हे कंपनी काही सांगत नव्हती. मग दुर्बीणरावांनी शोध लावला, की फोनवर समुद्राचा नकाशा फुकट बघता येतो आणि त्यावर प्रत्येक जहाज ठिपक्याच्या रूपात दिसतं.

ठिपक्यांची नावं बघायची तर वर्गणी भरावी लागे. खऱ्या गुंतवणूकदारानं फालतू खर्च टाळावा, हे चौघांचं एकमतानं ठरलेलं तत्त्व होतं. कंपनीच्या हद्दीत ठिपके होते दोन. एक दिवसचे दिवस जागचा हलत नसे. दुसरा सारखा किनारा ते विहीर, विहीर ते किनारा, अशी ये-जा करी.

"हा न हलणारा म्हणजे बंद पडलेलं जहाज," दुर्बीणरावांनी तेव्हाच निकाल दिला होता. "आणि हा धावणारा आपला. जो काम करतो तो हलतो. मी मीटर वाचताना बसून होतो का?"

"मग तो सारखा किनाऱ्याला काय करायला जातो?" शिंप्यानं विचारलं होतं.

"अहवाल द्यायला."

तेव्हापासून चौघांनी त्या ठिपक्याला जीव लावला. तो समुद्रात निघाला की शिंप्याच्या दुकानात चहा येई. तो परत फिरला की चष्मेवाला गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरची काच लावी. शेअर कधी घ्यायचे आणि कधी फुंकायचे, हे सगळं त्या ठिपक्याच्या चालीवर ठरे. आणि आता चार दिवस झाले, ठिपका जो बंदराला लागला होता तो तिथून हलायलाच तयार नव्हता. शेअर मात्र गेले दोन महिने घसरत होता, तो आता रोज घसरू लागला.

"पळाले," मास्तर म्हणाले. "विहीर कोरडी. गाशा गुंडाळला."

"उलट!" चष्मेवाला म्हणाला. "तेल इतकं लागलं असेल, की भरायला पिंपं कमी पडली. आणायला आलेत."

"कप्तानाच्या घरी लग्न असेल," तोंडातली टाचणी काढत शिंपी म्हणाला. त्याच्या जगात माणसं बहुतेक कारणांनी लग्नालाच जात.

दुर्बीणरावांनी डोळे मिटले. विचार करताना ते डोळे मिटत, आणि कधी कधी उघडायला अर्धा तास लागे. "तिघंही चुकलात," ते शेवटी म्हणाले. "ठिपका आपल्याला दिसतोय ना? मग तो आपल्याला दिसावा म्हणूनच तिथं उभा केलाय. आपल्यासारख्यांनी घाबरून शेअर विकावेत आणि बड्यांनी ते स्वस्तात उचलावेत, हा डाव आहे. आपण बघतोय हे त्यांना कळलंय!"

"म्हणजे समुद्रात एवढं मोठं जहाज केवळ आपल्या चौघांसाठी थांबवलं?" शिंप्याला भरून आलं.

हा तर्क दुपारपर्यंत टिकला. मग दुर्बीणरावांनी आवाज बदलून, परदेशी इंजिनियर असल्याचं भासवत, कंपनीच्या कार्यालयात फोन लावला. तिकडून एका यंत्रानं त्यांना एक दाबायला सांगितलं, मग तीन, मग पुन्हा एक, आणि शेवटी बासरी लावून दिली. दुर्बीणराव बराच वेळ बासरी ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"विकायला हवेत," ते म्हणाले. "सूर रडका होता. ज्या घरात तेल लागलंय त्या घरात असली बासरी वाजत नाही."

तिघांनी माना हलवल्या. पुराव्यात खोट काढायला जागाच नव्हती.

"मग विकू लगेच?" मास्तरांनी फोन काढला.

"थांबा. बाजार बंद व्हायच्या आत मी शेवटचा शब्द देतो. त्याआधी मला एके ठिकाणी जायचंय."

कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, पण शिंप्याला माहीत होतं. दुर्बीणरावांची थोरली बहीण, ताई, एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि ताईच्या गुडघ्यांत त्राण नव्हतं. त्याच इमारतीत तळमजल्यावर खोली घ्यायची म्हणून तिनं पै पै साठवली होती. तो साठा दुर्बीणरावांनी तिला या तेलात घालायला लावला. "तळमजलाच काय, ताई, तुला पुढे अंगण असलेलं घर घेऊ," असं ते म्हणाले होते. शेअर घसरायला लागल्यापासून ते तिच्याकडे फिरकले नव्हते. तिचा फोन आला की ते तपासात गुंतलेले असत. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

इमारतीत शिरताना ते माफीची वाक्यं मनाशी जुळवत होते. तरी सवय जात नाही. तळमजल्याच्या बंद दाराबाहेर चपलांचा एक जोड दिसला, तसे ते थबकले. 'कोणीतरी नवीन राहायला आलंय,' त्यांनी ताडलं. 'वयस्कर बाई. टाच एकीकडे झिजलीय, म्हणजे गुडघेदुखी. चपला शिस्तीत ठेवल्यात, म्हणजे स्वभाव करारी. दाराला साधी पाटीसुद्धा कोणी लावून दिलेली नाही, म्हणजे जवळचं माणूस विचारपूस करत नाही.' आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा प्रत्येक तर्क बरोबर होता. 'बिचारी,' असं मनाशी म्हणत ते वर चढू लागले.

चौथ्या मजल्यावर पोचेस्तोवर त्यांना धाप लागली. ताई हे रोज चढते, या विचारानं तर आणखीच. सगळं कबूल करायचं, पायावर डोकं ठेवायचं, असं ठरवून त्यांनी बेल दाबली. दार एका अनोळखी तरुण बाईनं उघडलं. तिच्यामागे भिंतीला ताईचं शिसवी कपाट उभं होतं.

दुर्बीणरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अनोळखी बाई, ताईचं कपाट, ताईचा पत्ता नाही!

"जागच्या हलू नका," ते धापा टाकत म्हणाले. "हे कपाट कोणाचं आहे ते मला ठाऊक आहे. त्या कुठे आहेत, ते मुकाट्यानं सांगा."

"कोण, ताई? त्या तळमजल्यावर राहायला गेल्या. आम्ही ही खोली घेतली."

"अशक्य! मी त्यांचा सख्खा भाऊ आहे. मला कळलं नसतं का?"

बाईनं दार पूर्ण उघडलं. "अच्छा, तुम्ही भाऊ होय," ती म्हणाली. "बरं झालं आलात. कपाट तुमच्यासाठीच राहिलंय. माझा भाऊ येईल उतरवायला, मजूर नकोत, असं म्हणाल्या होत्या त्या. वाट बघत होत्या तुमची."

दुर्बीणराव कठड्याला धरून हळूहळू खाली उतरले. तळमजल्याचं दार आता उघडं होतं आणि आत ताई मटार सोलत बसली होती.

"आलास? बस. मघाशी वर गेलास ना? पावलं ओळखली मी."

"मग हाक मारायचीस की!"

"म्हटलं, गुप्तहेर आहेस, काहीतरी कारण असेल."

दुर्बीणराव खुर्चीत बसले आणि त्यांना रडूच कोसळलं. "ताई, जहाज पळालं गं. तुझे पैसे मी बुडवले."

"कुठले पैसे? माझे शेअर मी कधीच विकले. ही खोली काय तुझ्या जहाजानं आणून दिली?"

"विकले? कोणाला विचारून?"

"तुलाच विचारून. आठवतंय, मी विचारलं होतं, कसं चाललंय रे तुझं जहाज? तू छाती फुगवून म्हणालास, जबरदस्त! सारखं पळत असतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी म्हटलं, विहीर खणणारा एका जागी उभा राहून खणतो. जो सारखा पळतोय तो काय खणणार? बँकेतल्या मुलीला सांगून दुसऱ्या दिवशी मोकळी झाले. तेव्हा भावही चांगला होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू फोन कुठे घेत होतास?" ताईचा आवाज जरासा बदलला, पण लगेच तिनं मटाराचं ताट बाजूला सारलं. "दाखव बघू तुझा तो ठिपका."

दुर्बीणरावांनी डोळे पुसून फोन पुढे केला. ताईनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. "हा तुझा होय? आणि हा समुद्रात उभा आहे तो?"

"तो बंद पडलेला आहे."

"आणि हा तिसरा, त्याच्याकडे निघालेला?"

तिसरा ठिपका दुर्बीणरावांनी पाहिलाच नव्हता. तो बंदरातून निघून थेट त्या न हलणाऱ्या ठिपक्याच्या दिशेनं चालला होता.

"अरे, बंद पडलेल्याकडे रोज कोण जाईल?" ताई म्हणाली. "तिथं माणसं आहेत, त्यांना जेवायला लागतं. तुझं हे जहाज म्हणजे त्यांची भाजी नेणारी बोट. बिघडली असेल, म्हणून आज दुसरी पाठवली. खणणारा तो उभा आहे तो."

तेवढ्यात दुर्बीणरावांचा फोन त्यांच्या हातातच वाजला. शिंपी होता, आणि मागून मास्तर व चष्मेवाला श्वास रोखून ऐकत असल्याचं ऐकू येत होतं.

"साहेब, बाजार बंद व्हायला आलाय. काय करायचं?"

"जहाज पळालेलं नाही," दुर्बीणराव म्हणाले. "ते जागेवरच आहे. पहिल्यापासून. आपण आठ महिने भाजीच्या बोटीवर पाळत ठेवत होतो."

पलीकडून चष्मेवाल्याचा क्षीण आवाज आला. "म्हणजे मागच्या महिन्यात ती दोनदा घाईघाईनं आली, म्हणून मी निम्मे विकले, ते..."

"कांदे संपले असतील."

"पण मग आता विकायचे की ठेवायचे?" मास्तर ओरडले. "तेल लागलंय की नाही?"

दुर्बीणरावांनी सवयीनं डोळे मिटले. आत काहीच दिसलं नाही. त्यांनी डोळे उघडले तर समोर ताई होती, आणि भिंतीजवळ कपाट नाही म्हणून तिचे कपडे घड्या करून खुर्चीवर रचून ठेवलेले होते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणीच कधी ऐकलं नव्हतं. शिंप्यानं घाबरून विचारलं, "साहेब, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. तिघंही इकडे या. चौथ्या मजल्यावरून एक कपाट उतरवायचंय, आणि ते माझ्या एकट्याच्यानं होणार नाही."

तिघे आले. कपाट मरणाचं जड होतं. तिसऱ्या मजल्यावर ते कोपऱ्यात अडकलं, तेव्हा मास्तरांनी पुन्हा शेअरचा विषय काढला आणि दुर्बीणरावांनी त्यांना आधी पाय सांभाळायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर शिंप्याचं बोट चेमटलं. ताई तळमजल्यावर उभी राहून वर बघत सूचना देत होती आणि त्या सगळ्या चुकीच्या होत्या, पण आज कोणी हरकत घेतली नाही. कपाट एकदाचं भिंतीला लागलं. दुर्बीणरावांनी स्वतःच्या हातानं ताईचे कपडे त्यात रचले, आणि तिनं ते सगळे पुन्हा काढून नीट लावले.

"उद्या येशील?" निघताना ताईनं विचारलं. "काही काम नाही. नुसतं ये."

"येतो," दुर्बीणराव म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखर आले. बाजारात काय चाललंय हे न बघता, हातात दाराला लावायची पाटी घेऊन, ती कशी ठोकायची याचा विचार करत ते तडक चौथ्या मजल्यापर्यंत चढले. खाली ताईनं ती पावलं ओळखली. ते वर जाऊन परत उतरेपर्यंत बराच वेळ होता, म्हणून तिनं चहा सावकाश टाकला.